वारकरी संप्रदायाची मृत्युविषयक भाषा आणि विठ्ठलाचे रूप : एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या धार्मिक आणि वाङ्मयीन जीवनात वारकरी संप्रदायाला अनन्यसाधारण स्थान आहे. भक्ती, समता, नामस्मरण आणि मराठी भाषेचा अभिमान या अंगांनी या संप्रदायाचा विचार सातत्याने होत आला आहे. मृत्यूविषयीची वारकऱ्यांची भूमिका मात्र बहुधा तत्त्वज्ञानाच्या चौकटीत मांडली जाते. आत्मा अविनाशी आहे, देह नश्वर आहे आणि नामाने जन्ममरणाचा फेरा चुकतो, अशी ती मांडणी असते. ही मांडणी चुकीची नाही. परंतु ती भारतातील इतर अनेक भक्तिपंथांनाही लागू पडते. तिच्यातून वारकरी संप्रदायाचे वेगळेपण हाती लागत नाही.

ते वेगळेपण शोधायचे असेल तर सिद्धांताऐवजी भाषेकडे वळावे लागते. एखादा संत किंवा साधा वारकरी गेला, तर हा समाज कोणते नाम वापरतो, त्याला कोणते क्रियापद जोडतो आणि त्या वाक्यात देव कोठे उभा असतो, या तीन प्रश्नांच्या आधारे प्रस्तुत लेखात संप्रदायाच्या मृत्युविषयक भाषेची चिकित्सा करावयाची आहे. या भाषेत मोठे सांत्वन आहे, हे उघड आहे. मात्र ते सांत्वन सर्वांच्या वाट्याला सारखे आले काय, आणि संतांनी या भाषेत शोकाला दिलेली जागा आज टिकली आहे काय, हा या लेखाचा मुख्य विचारविषय आहे.

१. मृत्युवाचक शब्द आणि त्यांची क्रियापदे

मराठीत मृत्यू सौम्य शब्दांत सांगण्याची पद्धत जुनी आहे. ‘देवाज्ञा झाली’, ‘देवाघरी गेले’, ‘कालवश झाले’ असे शब्दप्रयोग सर्व थरांत रूढ आहेत. निधन पावलेल्या व्यक्तीच्या नावामागे ‘कै.’ म्हणजे कैलासवासी लिहिण्याचा प्रघात आहे. वारकरी कुटुंबात मात्र ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी असे लिहितात आणि पुढे ‘ह.भ.प.’ जोडतात. एका अक्षराच्या या फरकातून मृताची सांप्रदायिक ओळख जपली जाते.

‘देवाज्ञा झाली’ या प्रयोगात देव आज्ञा करणारा आहे आणि माणूस ती पाळणारा आहे. क्रियापद ‘होणे’ हे आहे. मरणारा माणूस येथे कर्ता नाही. याच्या उलट संप्रदायाने आपल्या संतांसाठी जे शब्द वापरले, त्यांत माणूस कर्ता असतो. ज्ञानदेवांनी समाधी ‘घेतली’. तुकोबांनी वैकुंठगमन ‘केले’. एखाद्या ज्येष्ठ कीर्तनकाराने देह ‘ठेवला’. डोक्यावरचे ओझे उतरवून ठेवावे तसा देह ठेवता येतो, असे हा शब्द सुचवितो. मृत्यू हा माणसावर कोसळणारा आघात नसून माणसाने स्वतः पूर्ण केलेली कृती आहे, अशी ही भाषा आहे. ‘पुण्यतिथी’ आणि ‘समाधी सोहळा’ हे शब्दही याच दिशेने जातात. मरणाचा दिवस हा तिथी ठरतो आणि त्याचा सोहळा होतो.

या शब्दांमागे संतचरित्रांची मोठी परंपरा उभी आहे. ज्ञानदेवांची समाधी आळंदीस कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८ (इ.स. १२९६) या दिवशी झाली. त्यानंतर अल्पावधीतच सोपानदेव सासवडला, मुक्ताबाई तापीकाठी आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ झाले. एकनाथांनी इ.स. १५९९ मध्ये पैठणला गोदावरीत जलसमाधी घेतल्याचे परंपरा मानते. तुकोबांचे प्रयाण फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१ (इ.स. १६५०) या दिवशी देहूस झाले आणि तो दिवस ‘तुकाराम बीज’ म्हणून पाळला जातो. अठराव्या शतकात महिपतींनी ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या ग्रंथांतून ही चरित्रे घरोघरी पोहोचविली. त्यामुळे संताचा अंत कसा सांगावा, याचे एक वळण मराठी मनात पक्के झाले.

२. अंतकाळी देव कोठे असतो?

या भाषेतील देवाचे रूप समजून घेण्यासाठी ‘ज्ञानेश्वरी’च्या आठव्या अध्यायाकडे जावे लागते. अंतकाळी ज्याचे स्मरण होईल ती गती मिळते, असा गीतेचा सिद्धांत आहे. त्यातून एक व्यावहारिक शंका निर्माण होते. मरणाच्या वेळी इंद्रिये विकल होतात, वाचा जाते, भान सुटते. अशा स्थितीत स्मरण व्हावे कसे? ज्ञानदेवांनी ही शंका टाळलेली नाही. त्यांच्या निरूपणातील श्रीकृष्ण म्हणतात की, जन्मभर ज्याने उपासना केली त्याने शेवटच्या क्षणी हाक मारावी आणि मगच आपण धावावे, असे असेल तर त्या उपासनेला अर्थ काय उरला? म्हणून भक्त देह सोडतो तेव्हा आपण स्वतःच त्याच्या सेवेला उभे राहतो. भक्ताचे जे ऋण आपल्यावर झाले, त्यातून उतराई होण्यासाठी आपण त्याची शुश्रूषा करतो.

हे निरूपण गीतेच्या मूळ श्लोकांच्या बरेच पुढे गेले आहे. स्मरणाची जबाबदारी मरणाऱ्या माणसावरून काढून ती देवावर टाकलेली आहे. देव येथे न्यायनिवाडा करणारा नाही. तो आजारी माणसाच्या उशापायथ्याशी बसणारा घरचा माणूस आहे, आणि तोही उपकारकर्त्याच्या नव्हे तर ऋणकोच्या नात्याने. विठ्ठलाला ‘माउली’ म्हणणे, ‘विठाई’ म्हणणे याचा अंतकाळाच्या संदर्भातील खरा अर्थ येथे स्पष्ट होतो.

पंढरीच्या मूर्तीविषयीची एक जुनी कल्पनाही याच भावाची आहे. कटीवर ठेवलेले हात हे भक्तासाठी भवसागराची खोली कमरेइतकीच असल्याची खूण होय, ही ती कल्पना. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या पांडुरंगाष्टकात ती आली आहे आणि कीर्तनकार ती आजही सांगतात. संप्रदायाच्या भाषेत यम आणि चौऱ्यांशी लक्ष योनींचा धाकही आहे, हे नाकारता येणार नाही. कीर्तनात श्रोत्याला जागे करण्यासाठी तो वापरला जातो. पण तो धाक विठ्ठलाच्या मुखी घातला जात नाही. भय यमाकडे आणि आश्वासन विठ्ठलाकडे, अशी ही विभागणी आहे.

३. नामदेवांचे समाधीचे अभंग : शोकाला दिलेली जागा

मृत्यूला सोहळा म्हणणाऱ्या परंपरेत शोकाचे स्थान काय, या प्रश्नाचे उत्तर नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांत मिळते. ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या तीन प्रकरणांतून नामदेवांनी ज्ञानदेवांचे चरित्र गायिले, असे परंपरा मानते. गाथेतील सर्व अभंग एकाच नामदेवांचे आहेत की नाहीत, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि संप्रदायाने हे अभंग आपले मानून शतकानुशतके गायिले, ही गोष्ट प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे.

या अभंगांत ज्ञानदेव शांत आहेत. अस्वस्थ आहेत ते भोवतीचे सर्व जण. निवृत्तिनाथ हे ज्ञानदेवांचे थोरले बंधू तर आहेतच, पण गुरूही आहेत. ज्याने शिष्याला देहाच्या नश्वरतेचा उपदेश केला, तोच गुरू येथे आवरेनासा होतो. त्याच्या दुःखासाठी कवीने शेतीभातीच्या जीवनातील प्रतिमा योजल्या आहेत. तळ्याचा बांध फुटून पाणी वाट फुटेल तिकडे धावते, पेंढीचा बंध सुटून गवत रानात विखुरते, हरिणीवाचून पाडसे दिशाहीन भटकतात. या तिन्ही प्रतिमांत एक समान सूत्र आहे. एकत्र बांधून ठेवणारे काहीतरी सुटले आहे. चार पोरक्या भावंडांच्या घरातील एक जण जातो म्हणजे काय होते, हे त्यांतून नेमके व्यक्त होते. कोणताही वेदान्त येथे मध्ये येत नाही.

याहून विशेष म्हणजे स्वतः पांडुरंग या प्रसंगी आळंदीस उपस्थित आहे. एका बाजूने देव आणि दुसऱ्या बाजूने निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचा हात धरून त्यांना समाधिस्थानाकडे नेतात, असे चित्र येते. देव ज्ञानदेवांना थांबवीत नाही आणि चमत्कार करून मृत्यू टाळीतही नाही. तो सोबत चालतो आणि भावंडांच्या शोकात सहभागी होतो. ‘देवाज्ञा’ या शब्दातील देव आणि येथील देव यांत म्हणूनच मोठे अंतर आहे. शोक करणे म्हणजे श्रद्धेत उणे असणे, अशी समजूत अनेक अध्यात्मपंथांत आढळते. समाधीच्या अभंगांनी ती समजूत नाकारली. गुरू रडू शकतो आणि देवही गहिवरू शकतो, तर सामान्य वारकऱ्याने डोळे कोरडे ठेवण्याचे कारण उरत नाही.

४. तुकोबा : ‘मरण’ हा शब्द न टाळणारी वाणी

संप्रदाय तुकोबांविषयी बोलतो तेव्हा ‘वैकुंठगमन’ म्हणतो. तुकोबा स्वतः मृत्यूविषयी बोलतात तेव्हा मात्र ते ‘मरण’ हाच शब्द वापरतात. हा फरक लक्षणीय आहे. इ.स. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतू यांचा अंत झाला. पत्नी अन्नावाचून गेली, हे त्यांनी आत्मपर अभंगात कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले आहे. तेथे वैकुंठ नाही, देवाघरी जाणे नाही. भूक आहे आणि लोकांत झालेली फजिती आहे.

पुढे हेच तुकोबा जिवंतपणी स्वतःचे मरण अनुभवल्याची ग्वाही देतात. त्या अभंगांत देहाची पाठवणी, अग्नी, पिंडदान अशी अंत्यविधीची संपूर्ण परिभाषा येते. फरक एवढाच की, हा विधी करणारा आणि ज्याच्यासाठी तो केला जातो तो एकच आहे. अहंकाराचा क्षय हा त्याचा पारमार्थिक अर्थ निरूपणकार सांगतात, आणि तो योग्यच आहे. परंतु हा अनुभव सांगण्यासाठी कवीने सौम्य शब्द न निवडता स्मशानातील शब्द निवडले, याकडेही लक्ष द्यावयास हवे. ज्याने आपल्या माणसांची मरणे जवळून पाहिली, त्याच्याच वाणीत हे शब्द उसने वाटत नाहीत.

अशा कवीचा अंत चरित्रकारांनी विमानाच्या प्रतिमेतून सांगितला. श्रद्धावंतांसाठी ती प्रतिमा आनंदाची आहे. दुसरीकडे, या प्रतिमेआड घातपात दडला असावा, असा संशयही आधुनिक काळात काही लेखकांनी व्यक्त केला. या वादाचा निर्णय करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. भाषेच्या दृष्टीने येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की, मृत्यूची सर्व माहिती एका मंगल शब्दात सामावली की प्रश्न विचारण्यास जागा राहत नाही, आणि मग तीच जागा पुढे संशय व्यापतो.

५. मंगळवेढ्याचे दोन मृत्यू

‘समाधी घेणे’ आणि ‘देह ठेवणे’ या क्रियापदांची मर्यादा मंगळवेढ्यात स्पष्ट होते. पंढरपूरजवळच्या या गावी संप्रदायातील दोन थोर भक्त झाले. चोखामेळा हे महार समाजातील आणि कान्होपात्रा ही गणिकेच्या पोटी जन्मलेली. दोघांच्याही मृत्यूला बळजबरीची पार्श्वभूमी आहे.

इ.स. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबा गाडले गेले. परंपरा सांगते की, विठ्ठलाच्या आज्ञेवरून नामदेव तेथे गेले. ढिगाऱ्यातील अस्थी त्यांनी कानाशी धरल्या. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला, त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली.

आता क्रियापदे पाहावीत. ज्ञानदेवांनी समाधी ‘घेतली’. चोखोबांची समाधी ‘बांधली’ गेली. नाम एकच आहे, पण पहिल्या वाक्यात संत कर्ता आहे आणि दुसऱ्यात त्याच्यासाठी इतरांनी काही केले आहे. वेठीला आणि मजुरीला जुंपलेल्या माणसाला स्वतःच्या मृत्यूची तिथी निवडता येत नाही. ‘घेणे’ या क्रियापदामागे जी मोकळीक गृहीत धरलेली आहे, ती त्याला जिवंतपणीही नव्हती. संप्रदायाला ही उणीव जाणवली असावी. म्हणूनच ज्या भक्ताला मरणात कर्तेपण मिळाले नाही, त्याच्या अस्थींना परंपरेने वाणी दिली. अस्थी बोलल्या या कथेचा चमत्कार म्हणून उल्लेख नेहमी होतो. पण ती एका अनाम ढिगाऱ्यातून एका मजुराचे नाव वाचविण्याची कथाही आहे. तिच्या सोबतीने गाडल्या गेलेल्या इतर मजुरांच्या अस्थींचे पुढे काय झाले, हे मात्र कथा सांगत नाही.

या समाधीचे स्थानही बोलके आहे. महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. भक्तांच्या चरणांचा स्पर्श व्हावा म्हणून नामदेवांनी तेथे देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. शीख परंपरा मात्र त्यांचे अखेरचे स्थान पंजाबातील घुमान येथे मानते. त्या पायरीसमोर, मंदिराच्या बाहेर, चोखोबांची समाधी आहे. नामदेवांची पायरी ही स्वेच्छेने पत्करलेली नम्रता आहे. चोखोबांचे बाहेर असणे ही समाजाने लादलेली मर्यादा होती. बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्या दिसतात. मागील कारण निराळे आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले होण्यास १९४७ साल उजाडले आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, ही घटना या संदर्भात अर्थपूर्ण आहे. चोखोबांच्या मृत्यूची आठवण भक्तीच्या कक्षेबाहेरही ठेवली गेली.

कान्होपात्रेच्या बाबतीत परंपरा ‘विलीन होणे’ हे क्रियापद वापरते. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने विठ्ठलाच्या चरणी प्राण सोडला आणि मंदिराच्या आवारात तरटीचे झाड उगवले, अशी कथा आहे. ‘विलीन’ या शब्दात भक्तीची परिपूर्ती आहे. पण ज्या स्त्रीला जगण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता, तिची असहायताही त्या शब्दात बुडून जाते. येथे विठ्ठल आश्रय देतो, पण तो आश्रय मरणातूनच मिळतो, ही गोष्ट कथा ऐकताना विसरता येत नाही.

६. वारीतील वर्तमानकाळ

शब्द आणि क्रियापद यांच्याबरोबर काळाचाही विचार करावयास हवा. आषाढी वारीत ज्ञानदेवांच्या पादुका पालखीतून निघतात तेव्हा ‘माउली निघाली’, ‘माउली घाट चढते आहे’, ‘माउलींचे नीरास्नान झाले’ असे बोलले जाते. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी समाधिस्थ झालेल्या संताविषयी बोलताना कोणीही ‘होते’ असा भूतकाळ वापरीत नाही. ‘संजीवन समाधी’ ही संकल्पना ज्या वारकऱ्याला शब्दांत सांगता येणार नाही, तोही ती आपल्या व्याकरणातून दररोज सांगत असतो.

या वर्तमानकाळाची एक सामाजिक बाजू आहे. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांचा जन्म पित्याच्या प्रयाणानंतर झाल्याचे परंपरा सांगते. याच नारायणबाबांनी इ.स. १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून सोहळ्याची प्रथा सुरू केली. ज्याने पित्याला पाहिले नाही, त्याने पित्याला दरवर्षी पंढरीस नेण्याची व्यवस्था लावावी, ही घटना वारीतील वर्तमानकाळाचे मर्म सांगून जाते. मृताला विसरू नये यासाठी येथे स्मारकापेक्षा सहवासाचा मार्ग निवडला गेला. त्याच्याबरोबर चालायचे, त्याच्या मुक्कामी थांबायचे, त्याचे नाव घेऊन जेवायचे. आळंदीत कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधीचा प्रसंग कीर्तनातून सांगितला जातो तेव्हा श्रोत्यांचे डोळे पाणावतात, ते याच वर्तमानकाळामुळे. तो प्रसंग त्यांच्यासाठी आजचा असतो.

७. आजची भाषा

वारकरी कुटुंबात आजही मृत्यूनंतर टाळमृदंगाच्या गजरात भजन होते, दशक्रियेला प्रवचन आणि वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवले जाते. शोकाकुल घराला सामुदायिक आधार देणारी ही प्रथा निःसंशय मोलाची आहे. परंतु निधनवार्ता, फलक आणि पत्रिका यांतील भाषा हळूहळू ठरीव होत गेली आहे. कोणत्याही मृत्यूला ‘वैकुंठवास’ आणि कोणत्याही अखेरीला ‘देह ठेवला’ म्हटले की, दीर्घ आजार, अपघात, उपचारांचा अभाव या सर्वांवर एकच शब्द पसरतो. वारीच्या वाटेवर मृत्यू आलेला वारकरी भाग्यवान, असे म्हणण्याची रीत आहे. त्या म्हणण्यामागची श्रद्धा खरी आहे. तरीही त्या वाटेवर सावली, पाणी आणि वैद्यकीय मदत वेळेवर होती काय, हा प्रश्न भाग्याच्या उल्लेखाने मिटू नये.

दशक्रियेच्या प्रवचनातही बहुधा नश्वरतेचा उपदेश होतो. समाधीच्या अभंगांतील निवृत्तिनाथांचा आकांत क्वचितच सांगितला जातो. विधवेला आणि पोरक्या मुलांना ‘शोक करू नये’ असे सांगणारा वक्ता ज्या परंपरेच्या नावाने बोलतो, त्या परंपरेने शोकाला देवाच्या शेजारी जागा दिली होती.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) वारकरी संप्रदायाने मृत्यूला भोगावी लागणारी आज्ञा न मानता भक्ताने केलेली कृती मानले. ‘घेणे’, ‘करणे’, ‘ठेवणे’ ही क्रियापदे याची साक्ष देतात.

२) या भाषेतील विठ्ठल हा मृत्यूचा अधिपती नाही. ‘ज्ञानेश्वरी’त तो मरणाऱ्याची शुश्रूषा करणारा ऋणको आहे आणि नामदेवांच्या अभंगांत शोकाचा वाटेकरी आहे. देवाचे हे रूप हेच संप्रदायाच्या मृत्युविचाराचे खरे वेगळेपण होय.

३) मृत्यूतील कर्तेपण सर्व भक्तांना मिळालेले नाही. चोखोबांची समाधी ‘बांधली’ गेली आणि कान्होपात्रा ‘विलीन’ झाली. जात, श्रम आणि स्त्रीत्व यांनी जगताना घातलेल्या मर्यादा मृत्यूच्या भाषेतही उतरल्या आहेत.

४) संतांनी स्वतः ‘मरण’ हा शब्द टाळलेला नाही. तो शब्द चरित्रकारांच्या आणि पुढे रूढीच्या भाषेत मागे पडला.

५) आजच्या सांप्रदायिक भाषेने आश्वासन जपले, पण शोक आणि प्रश्न या दोहोंची जागा आकुंचित केली. ही जागा पुन्हा मोकळी करण्यासाठी संप्रदायाला बाहेरून काही आणावयाचे नाही. ढिगाऱ्यातील अस्थी कानाशी धरणारे नामदेव आणि ज्ञानदेवांचा हात धरून चालणारा पांडुरंग त्याच्या स्वतःच्या परंपरेतच उभे आहेत.